घारीच्या घरट्यावर कॅमेरा आहे. हात घालायचा की नुसतं बघत बसायचं?

भुसावळ_लोको (धागाकर्ता) | २४ मार्च, रात्री ११:५२

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाई आहे.

आमच्या कॉलनीतली पाण्याची मोटर दोनदा चोरीला गेली, म्हणून दिवाळीनंतर गच्चीवर कॅमेरा बसवला. त्याचं तोंड टाकीकडे. टाकीला लागून निलगिरीचं झाड आहे, आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बरोब्बर एक घरटं येतं. घारीचं. चोर आजवर एकही दिसला नाही, पण आमचे अण्णा (रेल्वेतून रिटायर, वय ७१) जानेवारीच्या शेवटापासून त्या कोपऱ्यावर ड्यूटीला आहेत. माझ्या मुलाने त्यांना कॅमेरा टीव्हीला जोडून दिला. आईची मालिका गेली. घरात दोन पार्ट्या पडल्यात.

अण्णा या कामात नवे नाहीत. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरच्या जॅकी आणि शॅडो या गरुडांच्या जोडीचं घरटं ते तीन वर्षं बघतायत. पाइनच्या झाडावर दीडशे फुटांच्या आसपास घरटं, समोर कॅमेरा, यूट्यूबवर चोवीस तास. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले की तिकडे सकाळचे साडेसात, म्हणजे अण्णांची जेवणाची वेळ. २०२४ मध्ये त्या दोघांनी तीन अंडी दोन महिने उबवली आणि एकही फुटलं नाही, तेव्हा आमच्याकडे सुतक असल्यासारखं वातावरण होतं. २०२५ ला तीन पिल्लं निघाली, मार्चच्या बर्फाच्या वादळात एक गेलं. तेव्हा अण्णा मला म्हणाले, "तिथं कुणी चढून जात का नाही रे?"

आता तेच घरी आलंय. आमच्या घारीची दोन पिल्लं. मोठं दणकट आहे, लहान्याला टोचा मारतं. गेले दोन दिवस लहानं एका कडेला बसून आहे, घार मांस घेऊन आली तरी पुढे सरकत नाही. अण्णांचं म्हणणं: शिडी लावू, लहान्याला खाली आणू, खिमा चारू, धष्टपुष्ट झालं की परत ठेवू. माझं म्हणणं: हात लावू नये. पण का लावू नये, ते मला त्यांना पटवता येत नाहीये.

---

शेवभाजी_स्पेशल | २५ मार्च, सकाळी ७:१०

काय भो, घारना पिल्लूले खिमा? आमले कोनी इचारत नही!

---

सातपुडा_पायवाट | २५ मार्च, सकाळी ८:३४

हात लावू नका. का, ते अण्णांना वाचून दाखवा.

घार, गरुड, घुबड हे सगळे पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवायला बसतात. दुसरं अंडं एक-दोन दिवसांनी येतं, तेही तितक्याच उशिरा फुटतं. म्हणून भावंडांत थोरलं-धाकटं असतंच. चारा मुबलक असेल तर दोन्ही जगतात. कमी पडला तर थोरलं जगतं आणि धाकटं जातं. दुष्काळात दोन्ही मरण्यापेक्षा एक तरी जगावं, असा तो हिशोब आहे. क्रूर वाटतो, पण आपल्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालत आलाय.

दुसरं, खिम्याचं. शिकारी पक्ष्याचं पिल्लू उंदीर, सरडा, पाखरू हाडासकट खातं. नुसत्या मऊ मांसावर वाढवलं तर कॅल्शियम मिळत नाही आणि पायांची, पंखांची हाडं वाकडी होतात. अशी हौसेने वाढवलेली दोन पिल्लं मी पाहिली आहेत. दिसायला गुबगुबीत, पण उभं राहता येत नाही.

तिसरं, माणसाच्या हातून खाल्लं की ते माणसालाच आईबाप समजायला लागतं. पुढे कुणाच्या डोक्यावर येऊन बसतं, कुणी दगड घालतं. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानपक्षी घरात ठेवता येत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी.

---

पाचोऱ्याची_मावशी | २५ मार्च, सकाळी ९:०२

पायवाट भाऊ, तुमचं सगळं बरोबर असेल. पण रानात मेलं तर ते आपल्याला दिसत नाही. इथं त्या बिचाऱ्या अण्णांच्या ताटासमोर टीव्हीवर ते पिल्लू उपाशी मरणार, आणि त्यांनी घास गिळायचा? कॅमेरा लावला तेव्हाच तुम्ही त्या घरात शिरलात. आता "आम्ही फक्त बघतोय" म्हणून कसं चालेल?

---

चहा_कमी_साखर | २५ मार्च, सकाळी ९:१५

मावशींना +१

---

कागदी_वाघ | २५ मार्च, सकाळी १०:४०

हा वाद अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय, म्हणून लिहितो.

२०१४ च्या मे महिन्यात मिनेसोटा राज्याच्या सरकारी खात्याच्या कॅमेऱ्यावर गरुडाचं एक पिल्लू धडपडताना दिसलं. प्रेक्षकांनी त्याचं नाव स्नॅप ठेवलं होतं. खातं म्हणालं, निसर्गात ढवळाढवळ नको. लोकांनी फोन करकरून जीव नकोसा केला, शेवटी पिल्लू खाली काढलं. तपासल्यावर पंखाचं हाड वाईट मोडलेलं आणि जखम चिघळलेली निघाली. त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. त्यावर निम्मे लोक म्हणाले "बघा, उगाच काढलं", आणि निम्मे म्हणाले "बघा, आधी काढायला हवं होतं".

उलट बाजूही आहे. २०११ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या बोटॅनिकल गार्डनमधली मादी गरुड जवळच्या विमानतळावर विमानाला धडकून मेली. घरट्यात तीन पिल्लं, कॅमेऱ्यासमोर. एकटा नर तिघांना पुरा पडणार नाही म्हणून तिन्ही पिल्लं काढून वन्यजीव रुग्णालयात वाढवली. तिथं फारसं कुणी "निसर्ग निसर्ग" केलं नाही, कारण विमान निसर्गाचं नव्हतं.

---

केळीवाला_रावेर | २५ मार्च, दुपारी १:२०

अवांतर: आमच्या मळ्यात जुन्या विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबडाची जोडी आहे. मागच्या वर्षी पुतण्याने विहिरीच्या कठड्याला जुना मोबाइल बांधला आणि रात्री लाइव्ह केलं. पाच पिल्लं, शिडीच्या पायऱ्यांसारखी उतरत्या मापाची. सगळ्यात धाकटं तर थोरल्याच्या पंखाखाली मावायचं. रात्रभर उंदीर येत होते. मी मोजायला बसलो आणि सातव्या उंदराला झोपलो.

बघणारे किती होते? अकरा. त्यातले चार घरचे. आणि शेजारच्या मळ्यातले एक आबा फोन करून सांगतात, "घुबड दाखवू नको रे, घरात अवकळा येते." त्यांना म्हटलं, आबा, ती तुमच्या बांधावरचे उंदीर खातात. तर म्हणाले, "मग दाखव, पण आवाज बंद ठेव."

पाचातली चार उडाली. पाचवं एके दिवशी दिसेनासं झालं. विहिरीत पडलं की भावंडांनी खाल्लं, आमच्या मोबाइलला अंधारात कळलं नाही. बॅटरी संपली होती.

---

जिभाऊ_शिरपूर | २५ मार्च, दुपारी ३:४५

तुम्ही लोक एका घारीच्या पिल्लासाठी रडताय. आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात आभाळ काळं व्हायचं गिधाडांनी. उतरताना पंखांचा असा आवाज यायचा की बैल बिथरायचे. कॅमेरा नव्हता, घरटं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. आणि बघता बघता संपली. ढोरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक टोचायचे, ते ढोर गिधाडाने खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्याण्णव गेली होती. तेव्हा कुणाला शिडी लावायची होती का?

राग नाही. पण आठवलं.

---

शेवभाजी_स्पेशल | २५ मार्च, दुपारी ३:५८

जिभाऊ आले म्हणजे धागा शंभरी गाठणार. पोह्यांची ऑर्डर द्या.

---

नंदुरबारी_मिरची | २५ मार्च, संध्याकाळी ६:१२

मला कॅमेऱ्याचीच भीती वाटते. आमच्याकडे शहाद्याच्या बाजूला वनपिंगळा आहे, छोटंसं घुबड. १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसला नव्हता, नामशेष झाला असंच धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि बेन किंग यांना तो इथंच सापडला. गंमत म्हणजे मधल्या काळातली १९१४ ची एक नोंद होती, ती एका इंग्रज संग्राहकाने म्युझियममधला जुना नमुना उचलून, नवी चिठ्ठी लावून रचलेली निघाली. म्हणजे कित्येक दशकं खोटी चिठ्ठी फिरत होती आणि खरा पक्षी सातपुड्यात आरामात सागाच्या ढोलीत बसला होता.

आता तो सापडलाय म्हटल्यावर काय होतं? ढोलीसमोरची फांदी "फोटोत येते" म्हणून तोडणारे लोक मी या डोळ्यांनी पाहिलेत. म्हणून विनंती: लोको, त्या घरट्याची जागा इथं टाकू नका. कॉलनीचं नावसुद्धा नको.

---

भुसावळ_लोको | २५ मार्च, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. पायवाट यांचा प्रतिसाद अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. हाडांचा मुद्दा पटला. कायद्याचा मुद्दा ऐकून म्हणाले, "मग घारीवर पण केस करा, तिने माझ्या ताटातला मांडा उचलला होता." मावशींचा प्रतिसाद मात्र दोनदा वाचायला लावला.

आज लहान्याने काहीच खाल्लं नाही. मोठं दिवसभर त्याच्या अंगावर. स्क्रीनशॉट टाकतोय. कॅमेरा साधा आहे, झूम केलं की फुटतं. घरट्यात काय काय आहे बघा: एक मोजा, पांढऱ्या पिशव्या, चार्जरच्या वायरीचा तुकडा, गुटख्याच्या पुड्या.

---

कागदी_वाघ | २५ मार्च, रात्री ९:५१

पांढऱ्या पिशव्यांचं कारण आहे हो! स्पेनमधल्या घारींच्या अभ्यासावर २०११ मध्ये शोधनिबंध आला होता. दणकट घारी घरट्यात पांढरं प्लास्टिक जास्त लावतात, तो इतर घारींना इशारा असतो, "इकडे फिरकू नका". म्हणजे तुमची घार वट असलेली आहे.

---

अमळनेर_लेन्स | २५ मार्च, रात्री ११:२०

लोको, तिसरा स्क्रीनशॉट पुन्हा बघा. मी तो मोठा करून उजेड वाढवलाय. लहान्याच्या डाव्या पायापासून उजवीकडच्या काटकीपर्यंत एक निळसर सरळ रेघ आहे. गवत इतकं सरळ ताणलेलं नसतं. आधीच्या दोन फोटोंतही पिल्लू तिथंच, त्याच जागी बसलंय. मला वाटतं ते घाबरून कडेला गेलेलं नाही. बांधलं गेलंय.

---

पाचोऱ्याची_मावशी | २५ मार्च, रात्री ११:२४

अगं बाई.

---

सातपुडा_पायवाट | २५ मार्च, रात्री ११:४१

लेन्स बरोबर आहेत. मला दिसायला हवं होतं, मी फोटो येण्याआधीच निकाल देऊन बसलो.

हा संक्रांतीचा नायलॉन मांजा. झाडांवर महिनोन्महिने लटकत राहतो, घार काटकीबरोबर तोही उचलते. पिल्लू वाढतं, पाय जाड होतो, दोरा तेवढाच राहतो. अमेरिकेत मोंटानामध्ये हेच होतं: ऑस्प्रे, म्हणजे मासे मारणारा शिकारी पक्षी, जो आपल्याकडे हिवाळ्यात हतनूर धरणावर येतो, तो तिथं गवताच्या गठ्ठ्यांची प्लास्टिक सुतळी घरट्यात नेतो आणि पिल्लं त्यात अडकून मरतात. तिथले अभ्यासक घरट्यापर्यंत चढून सुतळी कापतात. त्याला कुणी ढवळाढवळ म्हणत नाही.

तर माझं मत बदललं. काढा. पण तुम्ही नाही. सकाळी १९२६ ला फोन करा, वनविभागाचा नंबर आहे. सोबत एवढं लक्षात ठेवा:

दोरा ओढायचा नाही, कापायचा. लहान टोकाची कात्री ठेवा. पिल्लाच्या डोक्यावर हलका कपडा टाका, अंधार झाला की शांत होतं. आधी पाय धरायचे, चोच नाही, इजा नख्यांनी होते. चोचीत पाणी ओतायचं नाही, श्वासनळीत जातं. दूध तर अजिबात नाही. आणि वर जाणाऱ्याने हेल्मेट घालायचं, कारण घार डोक्यावरच येते. हे मी पाठ नाही केलेलं, मला डोक्यात तीन टाके आहेत.

---

चहा_कमी_साखर | २६ मार्च, सकाळी ६:५०

पण माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकून देते म्हणतात ना?

---

सातपुडा_पायवाट | २६ मार्च, सकाळी ७:०५

नाही. तो समज आहे. महिनाभर खपून वाढवलेलं पिल्लू घार वासापायी सोडत नाही. फ्लोरिडाच्या एका कॅमेऱ्यावर २०२१ मध्ये गरुडाच्या दोन पिल्लांचे डोळे चिकटले होते. त्यांना खाली काढून उपचार केले आणि काही दिवसांनी परत ठेवलं. आईबापांनी लगेच भरवायला घेतलं.

---

जिभाऊ_शिरपूर | २६ मार्च, सकाळी ७:४०

हेल्मेट दोन ठेवा. एक अण्णांसाठी. ते खाली थांबणार नाहीत.

---

भुसावळ_लोको | २६ मार्च, रात्री १०:१५

झालं. सविस्तर लिहितो, कारण घरात सगळे एकाच वेळी बोलतायत.

सकाळी फोन लावला, साडेअकराला वनविभागाचे दोघं आले. रंगकामवाल्याची शिडी टाकीवर चढवली. टाकीच्या छतावरून घरटं दहा-बारा फूट वर. जिभाऊ, तुम्ही ज्योतिषी आहात. अण्णा हेल्मेट घालून टाकीच्या पायऱ्यांपाशी उभे होते आणि आई खालून ओरडत होती, "अहो, तुमचं ऑपरेशन झालंय ना!"

घारीने पहिल्या झेपेतच वर गेलेल्या माणसाच्या हेल्मेटवर असा फटका मारला की खाली ठॉक आवाज आला. नंतर नर-मादी दोघं आलटून पालटून. त्यांचं ते शिट्टीसारखं किंचाळणं संपूर्ण कॉलनी ऐकत होती. दहा मिनिटांत पिल्लू पंच्यात गुंडाळून खाली आलं.

मांजा डाव्या पायाला दोन वेढे आणि घरट्यातल्या काटकीला तीन. मांसात रुतला होता. मोठं पिल्लू टोचत होतं म्हणून आम्ही त्याला महिनाभर शिव्या घातल्या, अण्णांनी तर त्याचं नाव ठेवलं होतं, ते इथं लिहिता येणार नाही. आता रेकॉर्डिंग मागे जाऊन पाहिलं तर लहानं दहा-बारा दिवसांपासून त्याच दीड वितीत फिरतंय. आम्ही रोज बघत होतो. टीव्ही ४३ इंची आहे.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी दोरा काढून जखम धुतली, मलम लावलं. पंजा गरम आहे म्हणजे रक्त चालू आहे, पण मागचं बोट काळं पडलंय, ते बहुतेक जाईल म्हणाले. आजच परत ठेवा, रात्र बाहेर काढू नका, असंही म्हणाले. दुपारी चारला परत ठेवलं. घरट्यातला उरलेला मांजा काढला, मोजा तसाच राहू दिला.

मग टीव्हीसमोर सगळे. आईसुद्धा. घार ४७ मिनिटं आली नाही. अण्णा घड्याळ बघत होते, जसं काही गाडी लेट आहे. शेवटी आली, तोंडात पाल की सरडा काहीतरी. मोठ्याने झडप घातली. पण दुसऱ्या फेरीला लहानं पुढे सरकलं आणि त्याने घेतलं.

आई म्हणाली, "आता माझी मालिका लावा."

---

पाचोऱ्याची_मावशी | २६ मार्च, रात्री १०:२१

माझ्या डोळ्यांत पाणी आलंय आणि इथं सून विचारतेय काय झालं.

---

केळीवाला_रावेर | २६ मार्च, रात्री १०:४०

वाचनखूण साठवली. लेन्स, तुम्हाला सावद्याची केळी पाठवतो, पत्ता कळवा.

---

शेवभाजी_स्पेशल | २६ मार्च, रात्री १०:४४

नाव काय ठेवायचं? मी सुचवतो: मांजरेकर.

---

नंदुरबारी_मिरची | २७ मार्च, सकाळी ८:००

नाव नका ठेवू हो. नाव ठेवलं की ते तुमचं होतं. (मांजरेकर चांगलं आहे पण.)

---

कागदी_वाघ | ३० मार्च, दुपारी १२:३०

मूळ प्रश्न राहूनच गेला. दोरा नसता तर? लहानं खरोखरच थोरल्यामुळे उपाशी असतं तर आपण काय सांगितलं असतं?

---

सातपुडा_पायवाट | ३० मार्च, दुपारी १:१५

मी तेच सांगितलं असतं जे २५ तारखेला सांगितलं. आणि रात्रभर झोपलो नसतो.

---

जिभाऊ_शिरपूर | ३० मार्च, दुपारी २:०५

मग तुमच्यात आणि मावशीत फरक एवढाच की मावशी चढल्या असत्या.

---

पाचोऱ्याची_मावशी | ३० मार्च, दुपारी २:३०

माझे गुडघे बघितलेत का जिभाऊ? मी लोकोला चढवलं असतं.

---

भुसावळ_लोको | ३० मार्च, रात्री ८:५०

अण्णा सांगतायत, मी टंकतोय, जसंच्या तसं:

"पायवाटसाहेबांना नमस्कार. दोरा नसता तरी मी गेलो असतो. खिमा चारला नसता, ते आता कळलं. पण जाऊन बघितलं असतं. ३४ वर्षं नोकरी केली, डब्यातून आवाज आला की खाली उतरून चाकाखाली बघायचं, ही सवय. तुम्ही रागवाल. रागवा. बिग बेअरला सकाळ झाली आहे, मी जातो."

---

सातपुडा_पायवाट | ३० मार्च, रात्री ९:२०

रागवत नाही. फक्त पुढच्या वेळी हेल्मेटचा पट्टा लावा म्हणावं, फोटोत उघडा दिसतोय.

---

भुसावळ_लोको | १९ एप्रिल, सकाळी ६:४५

मोठं परवा उडालं, समोरच्या खांबापर्यंत आणि परत. लहान्याचं मागचं बोट गळून पडलं. घरट्याच्या काठावर पंख फडफडवतं, फांदीवर उतरताना डावीकडे कलतं. पकड जमेल का, माहीत नाही. आज सकाळी टाकीच्या कठड्यावर आलं होतं, म्हणजे कॅमेऱ्याच्या बरोब्बर मधोमध. मोटरीवर बसलं होतं.

अण्णांना उठवलं. ते म्हणाले, "चोर सापडला."